कच्चा नमुना

राष्ट्रीय लेखन चाचणीला मेळघाटातल्या एका शाळेतून तीन नमुने पाठवायचे होते: उत्तम, मध्यम आणि कच्चा. वर्गशिक्षिका शैलाबाईंनी कच्चा म्हणून सुगंतीचा निबंध निवडला, पण वर्गात कोणाचा कशासाठी हे न सांगता नुसतीच नावं वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सुगंतीची आई सीताफळं घेऊन शाळेच्या दारात आली. "पोरीचं लिखाण दिल्लीला चाललं, बाई!"

शैलाबाईंनी सीताफळं ठेवून घेतली. खरं सांगावं तरी कसं? आई गेल्यावर त्यांनी सुगंतीला जवळ बोलावलं. "तुझ्या निबंधात मराठीच्या सगळ्यात जास्त चुका होत्या गं. म्हणून निवडलाय."

सुगंतीनं मान खाली घातली. मग म्हणाली, "आमच्या घरी कोरकू बोलतात, तेपण लिहा ना, बाई."

निबंधासोबतच्या फॉर्मवर तशी जागाच नव्हती. शैलाबाईंनी ते समासात ठळक अक्षरांत लिहिलं आणि लिफाफा चिकटवला.