एका माणसाचा डबा

कुनिहिकोच्या निवृत्तीच्या तिसऱ्याच दिवशी सेत्सुयो त्याला डब्यांच्या दुकानात घेऊन आली. छत्तीस वर्षं तिने रोज पहाटे उठून नवऱ्याचा डबा भरला होता, आणि त्याने एकदाही चवीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. शेजारच्या मोरिवाकींची बायको नवरा निवृत्त होताच घर सोडून गेली, ते आज कुनिहिकोला राहून राहून आठवत होतं.

"एकाच माणसाचा दाखवा," सेत्सुयोने विक्रेतीला सांगितलं. देवदाराचा एक लंबगोल डबा तिने उचलला, हुंगला, झाकण तीनचारदा लावून पाहिलं.

कुनिहिको पुढे सरकला. "हा कोणाला गं?"

"मला."

"आणि मी?"

"तुम्ही आता घरीच ना?"

त्याने डब्यावर हात ठेवला. "सेत्सुयो, तू चाललीस कुठे? माझं चुकलं असेल तर बोल ना. अगं, तुझा डबा... रोज फार छान असायचा."

सेत्सुयोने डबा त्याच्याच हातात ठेवला.


"अहो, पाळणाघरात नोकरी लागलीय मला. सोमवारपासून सकाळी साडेसहाला माझा डबा भरून ठेवत जा, आणि भात निवल्याशिवाय झाकण लावू नका!"