विमानाची किल्ली

दोन हजार फुटांवर विमानाची समोरची काच काळ्या तेलाने माखली आणि शिकाऊ वैमानिक शर्वरीला पुढचं काही दिसेना. एकटीने केलेलं तिचं हे तिसरंच उड्डाण होतं. इंजिन खडखडू लागलं तसं तिने ते बंद केलं, बाजूच्या खिडकीतून धावपट्टीचा अंदाज घेतला आणि छोटंसं विमान तरंगत खाली उतरवलं.

मुख्य प्रशिक्षक ढवळे सर धावत आले ते ओरडतच. “थेंबभर तेलाला घाबरून धावपट्टी अडवलीस?”

“सर, तेल गळतंय हे मी कालच लिहून दिलं होतं. तुम्ही म्हणालात, मुलींना भास होतात.”

सर मेकॅनिककडे वळले. “सय्यद, काच पुसा, तेल भरा. पुढच्या विद्यार्थ्याला बसवा.”

शर्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने विमानाची किल्ली काढून मुठीत आवळली. “मी वाचले. त्याला मी मरायला पाठवणार नाही.”

“किल्ली दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

“नाही देणार.”

सय्यदकाकांनी हातातलं फडकं खाली टाकलं. “मग मीही येत नाही, साहेब,” ते म्हणाले आणि विमान शेडकडे ढकलू लागले. शर्वरीने दुसऱ्या बाजूने जोर लावला.