अर्ध्या विटेची भिंत

“सगळ्यात जोरदार गोळी दे,” म्हणत गोपाळरावांनी परवाना काउंटरवर टाकला. “एका गोळीत माणूस आडवा झाला पाहिजे.”

आनंदरावांनी परवाना उचलला. ३१५ची रायफल, राहणार रामटेक. नाव त्यांनी दोनदा वाचलं. मग कागदाची नीट घडी घालून तो बाजूला ठेवला.

पासष्टची लढाई लढून ते फौजेतून परतले, तेव्हापासून नऊ वर्षं शहराच्या सदर भागातल्या या दुकानात काडतुसं विकत होते. चौकशी केल्याशिवाय त्यांच्या हातून एक डबा सुटत नसे. मालक वैतागायचा, पण शहरातले जुने नेमबाज मुद्दाम त्यांनाच विचारत यायचे.

“कशासाठी पाहिजे?”

“चोरांसाठी. आमच्या गल्लीत दोन घरं फुटली. भोसल्यांच्या काळापासून आमच्या घरात हत्यार आहे. आम्ही पोलिसांची वाट पाहत बसत नाही.”

“मोठं घर असेल.”

“होतं. आता अर्धं राहिलं.” गोपाळरावांनी मिशीवरून हात फिरवला. “लहान्या पोट्ट्यानं बौद्ध दीक्षा घेतलेल्या घरची पोरगी केली. त्याचा हिस्सा त्याले देऊन टाकला अन् मधात भिंत घातली. दोन वर्षं झाली, बोलणं बंद. तिच्या माहेरच्यांचं तोंड मी पाहिलं नाही अन् पाहणारही नाही.”

“भिंत किती जाडीची?”

“तू गोळ्या विकून राहिला का भिंती?”

“किती जाडीची?”

“अर्ध्या विटेची.”

आनंदरावांनी काउंटरखालून दोन विटा काढल्या. नेमबाजीच्या मैदानावर त्यांनी स्वतःच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. एकीला आरपार भोक होतं. दुसरीला पुढून खोल खळगा, मागची बाजू मात्र कोरी.

“तुम्ही मागून राहिले ती ही, कडक टोकाची. चोराले लागो न लागो, वीट फोडून जाते. अन् ही मऊ टोकाची. आदळली की पसरते, जोर तिथंच संपते. माणूस हिनंही आडवा होते.”

“मले कमजोर माल नको.”

“कमजोर नाही. पण भिंतीच्या बाबतीत हिचीही शपथ मी घेणार नाही. रात्री गोळी खाटेवरूनच सुटणार. तुमची खाट कुठं आहे?”

“भिंतीच्या समोर. दार भिंतीच्या अंगाले.”

“म्हणजे दारातल्या माणसावर नेम धरला, की नळी भिंतीकडं. पलीकडं काय आहे?”

गोपाळरावांनी बाहेर पाहिलं. रस्त्यावरून दोन रिक्षा गेल्या.

“पाळणा,” ते म्हणाले. “लहान्याले पोरगं झालं, दीड महिना झाला. मी पाहिला नाही. पण लेकरू रडते ते बरोब्बर दाराच्या बाजूनं ऐकू येते.”

आनंदरावांचा हात विटेवर थांबला.

“खाट आजच हलवा,” ते म्हणाले. “भिंतीले पाठ, नळी अंगणाकडं. अन् आधी ह्या कडक टोकाच्या पन्नास गोळ्या मैदानावर, मातीच्या बांधावर झाडा. हात बसू द्या. मग घरी ठेवायच्या मऊ टोकाच्या न्या. त्याच्याआधी मी देणार नाही.”

“देणार नाही? काहून? माझ्याजवळ परवाना आहे!”

“परवाना आहे. पण माझ्या हातच्या गोळीनं आजवर चुकीचा माणूस पडला नाही. उद्याही पडणार नाही.”

हे बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. पाठ मात्र फौजेतल्यासारखी ताठ झाली.

गोपाळरावांनी पहिली वीट जवळ ओढली. भोकात बोट घातलं. बोटाचं टोक पलीकडून बाहेर आलं. बोट काढून त्यांनी वीट परत सरकवली.

“द्या,” ते म्हणाले. “सरावाच्याच द्या. बाकी तुम्ही म्हणाल तेव्हा.”

डबा पिशवीत ठेवून ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

“आनंदराव ना तुमचं नाव? मघाशी मालकानं आतून हाक मारली, ते ऐकलं मी. साठ वर्षांत मले कोणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. असा माणूस माझ्या पंगतीले पाहिजे. रामटेकले या एकदा. अगदी सोयऱ्यासारखे या.”

“रविवारीच येऊन राहिलो,” आनंदराव म्हणाले. “आपल्या नातवाचं नाव ठेवायचं आहे ना, व्याही.”