राखणदाराला सोडलेला कोंबडा

आरोंद्याच्या अ‍ॅलनची गाडी घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली आणि नेमका तेव्हाच कुत्रा गायब.

"आत्ताच तर हय निजलेलो!" कौस्तुभ पलंगाखाली वाकून म्हणाला. तीस किलोचा तो पांढरा, ढिम्म ऐवज. चार पावलं चालला की दमून बसणारा. तो जाऊन जाऊन जाणार कुठे?

"शोध मेल्याक!" सुगंधाबाई पडवीतून ओरडल्या. "आज तो गेलो नाय तर वाडीत माका तोंड दाखवूक जागा रवाची नाय."

कुत्रा कौस्तुभने आणलेला. क्लम्बर स्पॅनियल. अख्ख्या देशात असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, असं तो वालावलीत भेटेल त्याला सांगायचा. नाव ठेवलं हॅमिल्टन. कौस्तुभची आई सुगंधाबाई त्याला नुसतं मेल्या म्हणायच्या, आणि कुत्रा ओ द्यायचा तो मेल्यालाच. आता दुर्मीळ जात म्हटली की नखरेही दुर्मीळ. उकाडा सोसत नाही म्हणून पंखा. केसांचा गुंता होतो म्हणून रोज फणी. लोंबते कान दमट हवेत चिघळतात म्हणून कानात औषध. कौस्तुभ आणि त्याची बायको अक्षया सकाळी कुडाळला नोकरीवर गेली की हे सगळं करणार कोण? "माझ्या घोवाचे कान मी कधी पुसूक नाय," असं म्हणत सुगंधाबाई कुत्र्याचे पुसायच्या.

राखण करण्याच्या नावाने आनंद. चोर आला असता तर त्याच्याही पायावर डोकं ठेवून झोपला असता. ही जात मुळात शिकारी, पडलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणणारी. इथे कोण शिकार करतो? मग त्याने आपलं काम आपणच शोधलं. दिवेलागणीला घरचा लंगडा तांबडा कोंबडा गावात जिथे असेल तिथून उचलायचा आणि सुगंधाबाईंच्या पायाशी आणून ठेवायचा. एक पीस मोडायचं नाही, फक्त कोंबडा लाळेने निथळायचा. बाकी कोंबड्यांकडे तो बघायचासुद्धा नाही. काळ्या कोंबड्याला तर भ्यायचाच, एकदा नाकावर चोच बसली होती.

गेल्या महिन्यात घरी भजन होतं. ऐन गजरात हॅमिल्टन बुवांच्या मांडीवर डोकं टाकून घोरू लागला. बुवांचं धोतर लाळेने असं भिजलं की बिचारे गजर संपला तरी उठेचनात. अख्खी वाडी खदाखदा हसली आणि सुगंधाबाईंचं टाळकं सरकलं. "अवसेच्या आत ह्यो कुत्रो घराभायर गेलो नाय, तर मी नावाची सुगंधा नाय!" सुगंधाबाईंचा शब्द म्हणजे शब्द. तो आजवर कोणी फिरवला नव्हता, त्यांनी स्वतःसुद्धा नाही. कौस्तुभने हातापाया पडून पाहिलं. शेवटी अ‍ॅलनला फोन केला. त्याच्याकडे पर्यटक उतरतात, त्यांना फोटो काढायला असा कुत्रा हवाच होता. आणि अवस आज होती.

सकाळीच सुगंधाबाई वाडीचे मानकरी परशुरामदादा यांना घेऊन वेशीवरच्या राखणदाराकडे गेल्या. घरातलं मोठं काम असलं की या देवाच्या पाषाणापाशी गाऱ्हाणं घालून कोंबडा जिवंत सोडायचा, ही वाडीची रीत. कोंबडा घरी परतला तर देवाला ते काम मान्य नाही. पण परतणार कसा? वेशीवर कोल्हे काय कमी आहेत?

दादांनी खणखणीत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो कुत्रो ह्या लेकराच्या घरातसून सुखरूप भायर जावंदे!"

"व्हय म्हाराजा," म्हणताना सुगंधाबाईंचा आवाज जरा बसला. सकाळचा गारठा, दुसरं काय. कोंबडा सोडून त्या घरी आल्या, कुत्र्याला दोन बांगडे घातले आणि स्वतः नुसती पेज प्याल्या.

आता दिवेलागण झाली होती. पडवीत परशुरामदादांशेजारी बसलेल्या अ‍ॅलनचं कोकम सरबत पिऊन संपलं होतं. कौस्तुभ माडांच्या बागेत हाका मारत हिंडत होता. सुगंधाबाई मागीलदारी गेल्या. परत आल्या त्या कोंबडा काखेत मारून.

"दादानू, कोंबडो परत इलो."

परशुरामदादांच्या चिमटीतली तपकीर सांडली. "ह्यो लंगडो? वेशीवरसून?" त्यांनी कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवला. "आणि भिजलो कसो गो ह्यो? पाऊस तर खंयच नाय."

"तीर्थ ता," सुगंधाबाई म्हणाल्या.

दादांनी तो हात तसाच डोळ्यांना लावला. मग खाकरून निकाल दिला. "देवान नाय म्हटल्यान. कुत्रो ह्या घरातसून हलवूचो नाय."

अ‍ॅलनने छातीवर क्रूस काढला. "राखणदार नाय म्हणता तर माका नको रे बाबा. तो रातचो आमच्या वाड्यारसुद्धा फिरता." आणि त्याने गाडी वळवली ती मागे न बघता.

"मी तर तयार होतंय," सुगंधाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पण देवाच्या फुडे माझा काय चलता?"

हॅमिल्टन मागीलदारी विहिरीजवळ सापडला, गाढ झोपलेला. त्याच्या ओठाला तांबडं पीस चिकटलं होतं. अक्षयाने ते काढलं, नीट निरखलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. सासूबाई कुत्र्यासाठी भातात बांगडा कुस्करत होत्या.

"आई, राखणदाराच्या नावान तर काळो राखून ठेवललो ना? मगे तुमी तांबडो कित्याक नेलात?"

"गप रव गो," सुगंधाबाईंनी बांगड्यातला काटा शोधून बाजूला काढला. "काळ्याक ह्यो मेलो तोंड लावता काय?"