फाटकाचं गाणं

खिंडीतल्या फाटकाला कागदपत्रं कळत नसत. पलीकडच्या कुरणात पिढ्यानपिढ्या शेळ्या चारणाऱ्यांनी आपलं गाणं म्हटलं, की फाटकातलं यंत्र दार उघडायचं. बाकीच्यांना सरहद्द बंद.

आईची राख घेऊन आलेली देचेन फाटकापुढे उभी होती. ती शहरात वाढलेली.

"मला गाणं येतच नाही हो, काका," ती म्हणाली. "पण आईला कुरणातच जायचं होतं."

पहाऱ्यावरचे हवालदार खामकर मूळचे साताऱ्याचे. तिच्या आईला या दारात गाताना त्यांनी अकरा वर्षं ऐकलं होतं. अर्थ कळत नव्हता, चाल मात्र अंगात मुरली होती. त्यांनी घसा खाकरला आणि देचेनला ऐकवायला म्हणून पहिलं कडवं म्हटलं.

हिरवा दिवा लागला. "इथलाच माणूस. जाऊ द्या," यंत्र बोललं आणि खामकरांपुढे दार उघडलं.

देचेनने राखेची पिशवी पुढे केली. "तुम्हीच जा, काका."

खामकरांनी दार बंद होऊ दिलं. बंदूक भिंतीला टेकवून ते खडकावर बसले.

"पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय, पोरी. हे गाणं म्हणणारी तुझी आईच शेवटची होती. मग हे दार उघडणारं कोण उरलं? बस इथं. म्हण माझ्यामागून."