सुरू होईपर्यंत

दुकानदाराने काचेवर दोन जुने प्रोसेसर ठेवले. "काकू, दोन्ही तुमच्या बोर्डाला बसतात, किंमतही सारखीच. हा चार कोरचा, मिनिटभरात कॉम्प्युटर सुरू करील. हा दोन कोरचा, तुमचा जुना जळला त्याचाच भाऊ. चालू होईपर्यंत तुमची एक माळ जपून होईल."

कुमुदकाकूंनी हातातली जपमाळ पिशवीत ठेवली. "मग हाच बसवा."

"थट्टा केली हो मी. चांगला सोडून हा कशाला?"

काकूंनी हसून पैसे मोजले. यजमान एकदा कॉम्प्युटरमध्ये शिरले की जेवायला हाक मारली तरी मान वर करत नसत. तो सुरू होईपर्यंतची पाच मिनिटं तेवढी काकूंच्या वाट्याची. तेवढ्यात घरचं-दारचं सगळं बोलून व्हायचं. ते जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

घरी देवाला दिवा लावून त्यांनी बटण दाबलं. रिकाम्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं. "अहो, आज सोमवार. उपास सोडायला दुधी केलाय. जाईला कळ्या आल्यात. आज त्या दुकानदाराशी बोलले तेवढंच. बाकी आठवडाभर कुणाशी बोलणंच नाही."

पडदा उजळला. तशा त्या सवयीने गप्प झाल्या.