चार वाजताची वडी

साठ सालची गोष्ट. बंगळूरच्या एका कचेरीत मनिलाहून आलेली फिलिपिनो टायपिस्ट रोझारिओ चार वाजले की तांदूळ, गूळ, खोबऱ्याच्या वड्यांचा डबा उघडी. शेजारणीला विचारल्याशिवाय घास घेणं तिच्या मुलखात असभ्य. म्हणून पहिली वडी शेजारच्या टेबलावरच्या अनुसूयेची.

एकदा हेडक्लार्क नरसिंहराव टेबलाशी येऊन उभे राहिले. ते अनुसूयेच्याच आळीतले.

"अनुसूयाक्का, परमुलखातल्या बाईच्या हातचं खाता? तुमच्या सोवळ्यातल्या सासूबाईंना सांगितलं, तर उद्यापासून नोकरी बंद."

शब्द कळले नाहीत, पण सूर रोझारिओला कळला. तिनं डबा मागे ओढला. अनुसूयेनं तो पुन्हा पुढे घेतला आणि सावकाश दुसरी वडी उचलली.

"सांगा की, अण्णा. काल घरी नेलेल्या वड्या त्यांनीच संपवल्या. गूळ किती घालायचा, तेवढं विचारून ये म्हणाल्यात."